एक खाते, अनेक पत्ते : पर्यायी ई-मेलने प्रवेश

बारामतीच्या मोरोपंतांना (१७२९–१७९४) मराठी वाङ्मयात मोरोपंत, मयूर, मयूरपंडित, पराडकर अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जाते. चांगली ग्रंथसूची यांपैकी एक नाव प्रमाण मानते व उरलेल्या नावांखाली ‘मोरोपंत पाहा’ एवढीच सूचना देते. अभ्यासक कोणत्याही नावाने सूचीत शिरला तरी पोचतो तो एकाच कवीपाशी. संगणकीय खात्यात पर्यायी ई-मेल पत्त्याने प्रवेश करण्याची सोय तत्त्वतः याच जातीची आहे.

या व्यवहारात खाते, नाव व पुरावा या तीन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. खाते म्हणजे सेवेच्या भांडारातील एक नोंद. तिला बहुधा एक अंतर्गत क्रमांक असतो. तो वापरणाऱ्यास सहसा दिसत नाही आणि बदलतही नाही. ई-मेल पत्ता हे त्या नोंदीकडे नेणारे नाव होय; आणि पासवर्ड किंवा मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक हा, नाव सांगणारी व्यक्ती तीच आहे, याचा पुरावा होय. पर्यायी पत्ता जोडणे म्हणजे त्याच नोंदीकडे नेणारे दुसरे नाव लिहून ठेवणे. त्याने नवे खाते उघडत नाही. मात्र एका सेवेत एका पत्त्याने एकाच खात्याकडे नेले पाहिजे, आणि तो पत्ता आपल्याच ताब्यात असल्याचे त्यावर आलेल्या संदेशाद्वारे सिद्ध करावे लागते.

प्रत्येक सेवेचे नियम भिन्न आहेत. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यात अशी अनेक उपनामे असू शकतात. पासवर्ड सर्वांचा एक, त्यांतील एक उपनाम प्रमुख, आणि कोणत्या उपनामाने प्रवेश मिळावा हे खातेदारास ठरविता येते. गूगलच्या खात्यास जीमेलबाहेरचा पत्ता पर्यायी म्हणून जोडता येतो. परंतु तो स्वतःच दुसरे गूगल खाते असता कामा नये. संशोधकांना सोळा अंकी ओळखक्रमांक देणाऱ्या, २०१२ साली सुरू झालेल्या ऑर्किडमध्ये तर हे तत्त्व उघडच दिसते : क्रमांक एक, आणि त्याला जोडलेल्या कोणत्याही पत्त्याने प्रवेश.

पर्यायी पत्ता आणि पुनर्प्राप्तीचा पत्ता यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला दारावर सांगावयाचे नाव आहे. दुसरा किल्ली हरवल्यावर निरोप पाठविण्याचे ठिकाण आहे. काही सेवांत एकच पत्ता दोन्ही कामे करतो, म्हणून कोणत्या रकान्यात काय लिहिले आहे हे पाहून घेणे इष्ट.

या भेदाचे महत्त्व पत्त्याच्या रचनेत आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी ‘@’ या चिन्हाच्या डावीकडे व्यक्ती व उजवीकडे यंत्र अशी मांडणी रूढ केली. आज उजवीकडील भाग बहुधा संस्थेचा असतो. त्यामुळे नाव व्यक्तीचे असले तरी पत्त्याची मालकी संस्थेकडेच राहते. इंदापूरच्या महाविद्यालयात पदवी, बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात (स्थापना १९६२) पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पुण्यास विद्यापीठात संशोधन, असा क्रम धरणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. प्रत्येक टप्प्यावर संस्थेचा पत्ता मिळाला, तरी संस्था सोडल्यावर तो चालू राहीलच असे नाही. नियतकालिकांच्या संकेतस्थळांवरील खाती, शिष्यवृत्तीचे अर्ज व टिपणांचा साठा जर त्या एकाच पत्त्यावर उघडले असतील आणि पासवर्ड विसरला, तर नवा पासवर्ड ठरविण्याचा दुवा बंद झालेल्या पेटीकडे जाईल. खाते शाबूत असेल, पण खातेदार बाहेर असेल.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे सोडलेला पत्ता दुसऱ्याच्या हाती जाणे. २०१३ साली याहूने दीर्घकाळ न वापरलेली नावे नव्या इच्छुकांना देऊ केली, तेव्हा काहींच्या पेटीत पूर्वीच्या धारकांची खाजगी पत्रे येऊ लागली. ज्याच्या हाती पत्ता, त्याच्या हाती त्यावर येणारे पासवर्डचे दुवेही. म्हणूनच २०१४ च्या ओपनआयडी कनेक्ट या मानकात, ई-मेल पत्ता हा व्यक्तीची अद्वितीय ओळख म्हणून वापरू नये, असा स्पष्ट निर्बंध घातला आहे. अनेक सेवा तरीही पत्त्यालाच ओळख मानतात. तेथे सावधगिरीचा भार खातेदारावर पडतो.

तेव्हा संस्था सोडण्यापूर्वी, जुना पत्ता चालू असतानाच, स्वतःचा कायम पत्ता प्रत्येक महत्त्वाच्या खात्यास जोडून त्याची पडताळणी करावी; त्या पत्त्याने एकदा प्रवेश करून पाहावा; नंतर तो प्रमुख करून जुना काढून टाकावा. संस्थेचा पत्ता हेच गूगलचे खाते असेल, तर नाव जोडून भागत नाही. त्यातील साहित्य मुदतीतच दुसरीकडे उतरवून घ्यावे लागते. प्रत्येक वाढीव पत्ता हे एक वाढीव दारही असते, हे ध्यानी ठेवून न वापरातले पत्ते जोडून ठेवू नयेत, आणि त्या प्रत्येक पेटीलाही दुहेरी पडताळणीचे संरक्षण द्यावे.

मोरोपंतांच्या अनेक नावांतून कवी एकच सापडतो, कारण सूचीकाराने ती नावे वेळीच एकमेकांशी जोडलेली असतात. खातेदाराच्या बाबतीत ही जोडणी त्याला स्वतःलाच करावी लागते, आणि तीही जुने नाव हातचे जाण्यापूर्वी.