रक्त चढवताना सिस्टर पुन्हा पुन्हा नाव का विचारते?

बाळंतपण, अपघात, ऑपरेशन, थॅलेसेमिया. कधी ना कधी घरातल्या कुणाला रक्त चढवायची वेळ येतेच. आपण धावपळ करून रक्तपेढीतून पिशवी आणतो आणि वॉर्डातली सिस्टर पुन्हा नाव विचारते, हातातला पट्टा बघते, दुसऱ्या सिस्टरला बोलावून पिशवीवरचा नंबर वाचून घेते. मग आपल्यातलाच एखादा मामू चिडतो, "अहो, किती वेळा विचारणार?"

विचारू द्या. ओ गटाच्या माणसाला चुकून ए किंवा बी गटाचं रक्त गेलं, तर शरीर त्या पेशी फोडू लागतं. किडनी बंद पडू शकते, जीवही जाऊ शकतो. आणि अशी चूक बहुतेक वेळा मशीनची नसते. माणसांची किंवा नमुन्याच्या नळीची अदलाबदल झालेली असते.

आपल्याकडे तर हा धोका जास्तच. माझ्या वर्गात एकाच तुकडीत तीन मोहम्मद शेख आहेत, मी हजेरी रोल नंबरनेच घेतो. वॉर्डातही दोन शबाना शेख असू शकतात. त्यात आधारवर एक नाव, केस पेपरवर माहेरचं आडनाव, आणि घरचे हाक मारतात "मुन्नी"! म्हणून नावासोबत वय आणि हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक जुळलाच पाहिजे. भरती करताना नाव आधारप्रमाणेच लिहून घ्या.

चांगली सिस्टर "तुम्ही शबाना शेख ना?" असं विचारत नाही. गुंगीतला पेशंट कशालाही "हो" म्हणतो. ती विचारते, "तुमचं पूर्ण नाव सांगा." उत्तर पेशंटलाच देऊ द्या. तो बेशुद्ध असेल तर पट्टा आणि केस पेपर हाच आधार. क्रॉसमॅचसाठी रक्त घेतल्यावर नळीवर नाव खाटेजवळच, तिथल्या तिथे लिहायचं असतं. टेबलावर जाऊन नंतर नाही.

पिशवी आणायला बहुधा आपलाच माणूस जातो. लाल पेशींची पिशवी रक्तपेढीत 2 ते 6 अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते. ती थंड पेटीतून थेट वॉर्डात आणा, वाटेत चहाला थांबू नका. बाहेर काढल्यावर साधारण 30 मिनिटांत सुरू करायची आणि 4 तासांत संपवायची, असा नियम आहे. थंड आहे म्हणून गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवणं अगदी चूक. प्लेटलेटची गोष्ट वेगळी, त्या फ्रिजमध्ये ठेवतच नाहीत.

सुरू करण्याआधी ताप, नाडी, बीपी बघतात आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघतात. ही पहिली 15 मिनिटं सगळ्यात नाजूक. रक्त हळू सोडतात. "लवकर संपू दे" म्हणून नळीचं चाक फिरवू नका. त्याच नळीतून दुसरं औषध किंवा ग्लुकोज द्यायचं नसतं. अम्मी किंवा खाला नकाबात असतील तर तेवढा वेळ चेहरा आणि हात दिसू द्या, अंगावर उठलेली गांधी बुरख्याखाली कळत नाही.

थंडी, ताप, खाज, धाप, छातीत किंवा कमरेत दुखणं, सुईच्या जागी जळजळ, यातलं काहीही झालं तर लगेच सिस्टरला हाक मारा. ती आधी रक्त बंद करते, नवीन सेट लावून सलाईन सुरू ठेवते आणि डॉक्टरांना बोलावते. उरलेली पिशवी फेकत नाहीत, ती तपासणीसाठी रक्तपेढीत परत जाते.

काही रिअॅक्शन उशिरा येतात. घरी गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत डोळे पिवळे दिसले, लघवी लाल किंवा काळपट झाली, किंवा कारण नसताना ताप आला, तर ते कागद घेऊन त्याच हॉस्पिटलात जा आणि "रक्त चढवलं होतं" हे आधी सांगा.