सगळे मासे एकदम तडफडले, तर आधी पाणी बघा

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना तासगाव भागातल्या एका बागायतदाराचा सकाळी सहालाच फोन आला. मला वाटलं, डाऊनी आली असणार. तर गडी म्हणतो, "साहेब, बाग ठीक आहे. पोरांचे मासे उलटे झालेत. कुठलं औषध टाकू?"

मी कृषी पदविकेचा माणूस, मत्स्य खात्याचा नव्हे. पण घरी मुलीसाठी काचेची टाकी ठेवली आहे आणि त्या बाबतीत हात पोळूनही घेतले आहेत, म्हणून वाट वाकडी करून गेलो. सोप्यात दोन फुटी टाकी. आठ-दहा मासे वर आडवे तरंगत होते, उरलेले गोल गोल फिरून काचेवर आपटत होते. शेजारी औषधाच्या तीन बाटल्या, तिन्हींतलं थोडं थोडं टाकून झालेलं. पोरगं कोपऱ्यात रडत बसलं होतं.

मी एवढंच विचारलं, "काल पाणी कशानं भरलंत?" त्यांनी बादली दाखवली. फुलकिड्यांचं औषध कालवायची बादली. "दोनदा विसळली होती की," म्हणाले.

दोनदा विसळून भागत नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन या गटातली औषधं माशांना कमालीची विषारी आहेत. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा अंश पुरतो. फवारणी करून आल्यावर बाहीसकट हात टाकीत घातला, तरी तोच प्रकार होऊ शकतो. जगलेले मासे आम्ही हौदातल्या स्वच्छ पाण्यात काढले. संध्याकाळपर्यंत चार सरळ पोहायला लागले. बाकीचे गेले.

आता तुम्हीच सांगा, अख्खा प्लॉट एका रात्रीत पिवळा पडला, तर तुम्ही त्याला रोग म्हणता का? नाही. पाणी, खत नाहीतर शेजारच्या तणनाशकाचा उडालेला फवारा, असंच म्हणता. रोग एका झाडावर दिसतो, मग दुसऱ्यावर, मग पसरतो. माशांचंही अगदी तसंच बघा. सगळे एकाच वेळी वर येऊन तोंड वासत असतील, तर दोष पाण्याचा. एकच मासा कोपऱ्यात गप्प, पर मिटून बसला असेल आणि बाकीचे नीट खात असतील, तर त्या माशाचं बघा. बाटली उघडण्याआधी एवढं पाहिलं, तरी निम्मे मासे वाचतील.

गावात पाण्याचा पहिला दोष टीसीएलचा. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टाकीत पावडर टाकतो, ते आवश्यकच आहे. त्यावरून त्याच्याशी भांडू नका. नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ पीपीएम क्लोरीन राहिलं पाहिजे, असा नियम आहे. आपल्याला ते सुरक्षित, पण माशाचे कल्ले त्यानं भाजतात. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर, शक्यतो दोन दिवस ठेवूनच टाकीत घाला. आणि एक युक्ती सांगतो. ग्रामपंचायतीत ओटी टेस्टची बाटली असतेच. बादलीतलं थोडं पाणी काचनळीत घेऊन त्यात थेंब टाका. पिवळं झालं, तर अजून थांबा. तपासलेलं पाणी मात्र टाकीत ओतू नका, तो रंग विषारी असतो.

दुसरा दोष नव्या टाकीचा. इथं मी स्वतः फसलो. टाकी आणली, त्याच दिवशी बारा मासे सोडले, आठवड्यात सात मेले. मी निळं औषध टाकलं, तर उरलेलेही मलूल झाले. युरियाचा धडा शेतकऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं! माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करणारे जिवाणू जमिनीत असतात, तसेच टाकीच्या खड्यांत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवा, खाणं चिमूटभर, दोन दिवसांआड पाव टाकी पाणी बदला. स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. ते काढलेलं पाणी तुळशीला घाला, खतच आहे. आणि निळ्या औषधानं माझे तेच जिवाणू मेले होते.

खऱ्या रोगात जास्त दिसतो तो पांढरे ठिपके. अंगावर रवा भुरभुरल्यासारखा दिसतो, मासा खड्यांवर अंग घासतो. म्हसवड-आटपाडीकडं डिसेंबरच्या रात्री पाणी गार पडलं, की हा हमखास येतो. ऊस करणाऱ्याला हा पटकन कळेल. खोडकिडा खोडात शिरला की फवारा पोचत नाही, तसा हा जीव माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला लागत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहत असतो, तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नाही, दहा-बारा दिवस चालू ठेवायचा. हीटरनं पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, हवेचा पंप चालू ठेवा आणि लिटरला एक-दोन ग्रॅम जाडं मीठ विरघळवून दिवसभरात टप्प्याटप्प्यानं घाला. आजारी मासा एकटा बाजूला काढून भागत नाही, सगळ्या टाकीलाच उपचार लागतो.

शेपूट फाटलेली दिसली, तर मात्र जपून निदान करा. कडा पांढुरक्या, झिजत चाललेल्या असतील, तर कुजण्याचा रोग. तोही बहुधा घाण पाण्यानं होतो. पण अर्धचंद्रासारखे स्वच्छ तुकडे गेले असतील, तर कुणीतरी चावतंय. टायगर बार्ब हा त्यातला नामांकित. गप्पी आणि एंजल यांची लांब शेपूट दिसली, की तो सोडत नाही. त्याला सहा-आठच्या थव्यात वेगळा ठेवा. फायटरचा नर टाकीत एकच हवा, आणि त्याच्याजवळ रंगीत शेपटीचे गप्पी नकोत. एंजल लहान असताना गरीब दिसतो, पण तळहाताएवढा झाला, की छोटे मासे गिळतो. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, शिवाय तो घाण फार करतो. त्याची टाकी वेगळी आणि मोठी.

सोबती निवडताना आपलं पाणीही बघा. वाळवा, पलूस, मिरजेच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं जड, मचूळ पाणी मोलीला चांगलं मानवतं. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेलही त्यात रमतात. पाटण-जावळीकडच्या झऱ्याच्या हलक्या पाण्यात मात्र मोली एका जागी थरथरत उभी राहते. तो रोग नव्हे. टाकीत थोडे संगमरवराचे खडे टाका. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडे वजा जाता पंचेचाळीस धरा. त्यात आठ-दहा छोटे मासे पुरेत. एका नरामागं दोन माद्या ठेवा, म्हणजे पाठलाग कमी होतो.

काच साफ करतो म्हणून दुकानात बोटाएवढा सकर देतात. हा फूटभराहून मोठा होतो. मग लोक वैतागून तो विहिरीत नाहीतर ओढ्यात सोडतात. हे अजिबात करू नका. उजनीत मच्छिमारांच्या जाळ्यात हाच मासा येऊन जाळी फाडतो. नको असेल, तर दुकानदाराला परत द्या.

तासगावच्या त्या पोरानं पुन्हा टाकी भरली आहे. चार जुने मासे आणि दोन नवे. टाकीच्या बादलीला लाल रंग दिलाय आणि ती शिवायची नाही, असं बापाला बजावलंय. मी परवा गेलो, तेव्हा टाकीशेजारीच डासांचं मशिन लावलेलं होतं. त्यातही त्याच जातीचं औषध असतं आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. ते पोराला सांगितलं. त्यानं मशिन काढून पलीकडच्या खोलीत नेलं.