मदतनीस नावाची सोंगटी

लेकीकडे अमेरिकेत न्यू हेवनला आलो त्या जानेवारीत दाराबाहेर गुडघाभर बर्फ होता आणि घरात बारा वर्षांचा नातू. बर्फात मला कोणी पाऊल टाकू देईना, त्यामुळे नातवाच्या तावडीत सापडलो. एका रविवारी दुपारी त्याने टेबलावरची ताटं उचलली, फडकं मारलं आणि एक जाडजूड खोकं आणून ठेवलं. म्हणाला, "आजोबा, हा तुमचा गेम आहे. फॉसिल्सचा."

माझा एवढ्याचसाठी, की मी वरोऱ्याकडच्या एका कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. पत्ते सोडले तर खेळ म्हणून मला काही येत नाही. सापशिडीतही माझं नशीब सापाकडेच असतं.

खेळाचं नाव होलोटाइप. उत्तर अमेरिकेतले डायनोसॉर आणि त्यांच्या काळातले इतर प्राणी शोधायचे, त्यांचा अभ्यास करायचा, शोधनिबंध प्रसिद्ध करायचा आणि गुण मिळवायचे. प्रत्येक खेळाडूला तीन माणसं मिळतात, म्हणजे तीन सोंगट्या. एक जीवाश्मशास्त्रज्ञ, एक पदव्युत्तर विद्यार्थी आणि एक फील्डवरचा मदतनीस. तिघांची लायकी सारखी नाही. एकाच जागी पाठवले तरी शास्त्रज्ञाच्या पदरात जे पडतं, ते मदतनिसाच्या पडत नाही. हे ऐकून मी चष्मा पुसला. नातवाला वाटलं नियम कळला नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितला. नियम पहिल्यांदाच कळला होता.

या प्रकारच्या खेळांना 'वर्कर प्लेसमेंट' म्हणतात. जावयाने ते मला इतक्या विस्ताराने समजावलं की शेवटी मीच त्याला थांबवून म्हटलं, "अहो, हे तर एसटीत रुमाल टाकणं झालं!" वरोऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की सीट आपली, मागून येणाऱ्याने कितीही डोळे वटारले तरी. पटावर वेगवेगळी कामं मांडलेली असतात. आपल्या पाळीला एक सोंगटी उचलून एका कामावर ठेवायची, की ते काम आपलं. मागचा माणूस दुसरी जागा बघेल नाहीतर हात चोळेल. रुमाल मात्र तीनच, म्हणून कुठे टाकला नाही याचा पश्चात्ताप जास्त होतो. फाशांच्या खेळात दोष फाशाला देता येतो. इथे जे झालं ते आपणच केलेलं.

जावई या खेळांचा जुना शौकीन. त्याच्या कपाटात अॅग्रिकोला नावाचा खेळ आहे, 2007 साली जर्मनीच्या उवे रोझेनबर्गने केलेला. सतराव्या शतकातलं शेतकरी जोडपं, नांगरणी, पेरणी, कुंपण, गुरं. घरातली माणसं हीच सोंगट्या. माणसं वाढवली की कामं जास्त उरकतात, पण दर हंगामाला खाणारी तोंडंही वाढतात आणि पोट भरलं नाही तर भीक मागितल्याचा शिक्का बसतो. आमच्याकडच्या कोणत्याही कास्तकाराला हा खेळ पाच मिनिटांत कळेल आणि सहाव्या मिनिटाला तो म्हणेल, हे करायला पटावर कशाला बसू.

तर पहिला डाव. मी तिन्ही माणसं खोदकामाच्या मागे लावली. दुसरं काय करणार? जीवाश्म म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर उन्हातलं शेत येतं आणि हातात हातोडी. माझ्यासमोर जीवाश्मांचा ढीग साचला, लेक कौतुकाने बघत होती आणि मी फुगलो. नातू मात्र अधूनमधून थोडंसंच खोदायचा आणि बाकी वेळ संशोधन जमवत बसायचा. मग त्याने हातातलं कार्ड टेबलावर टाकलं. "पब्लिश्ड!" लगेच दुसरं. माझ्याकडे हाडं पोत्याने, पण निबंध लिहायला संशोधन शून्य. या खेळात दोन्ही पुरेसं जमलं तरच प्राणी तुमच्या नावावर लागतो. संशोधनाकडे वळलो तेव्हा तिथे जावयाचा रुमाल पडलेला. त्याला त्या जागेची फारशी गरज नव्हती, मला होती म्हणून तो तिथे बसला. वर हसत म्हणाला, "बाबा, सॉरी हं." सासऱ्याशी असं वागायला हा खेळच लागतो. नातू पहिला, जावई दुसरा, लेक तिसरी. चौथा कोण ते सांगत नाही.

नव्याने शिकणाऱ्याला माझं एवढंच सांगणं, की आधी हातातलं कार्ड नीट वाचा. कुठला प्राणी आहे, त्याला काय काय लागतं, ते बघा आणि तेवढंच गोळा करा. घरी लग्न नसताना कोणी बाजारातून शंभर पत्रावळी आणत नाही. आणि शेजाऱ्याच्या कार्डाकडे नाही, तर त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. आपली सोंगटी उचलण्याआधी माणूस हव्या त्या जागेकडे एकदा बघतोच. लेक याच युक्तीने मला दोनदा नडली.

होलोटाइप हा शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला, पण खेळाच्या खोक्यावर कधी पाहिला नव्हता. नवी जात जाहीर करताना शास्त्रज्ञाला एक नमुना पुढे ठेवावा लागतो: हा पाहा, याच्यावरून मी हे नाव दिलं. तो नमुना म्हणजे होलोटाइप. मग त्या जातीचे शंभर सांगाडे निघोत, वाद झाला की सगळ्यांनी त्या एका नमुन्याकडे जायचं. सातबाऱ्याचा मूळ उतारा म्हणा ना. तो अर्धवट असला, फाटका असला, तर नावच डळमळतं.

न्यू हेवनमध्ये हे समजावणं सोपं गेलं, कारण येल विद्यापीठाचं पीबडी म्युझियम तिथेच आहे आणि बर्फ वितळल्यावर नातू मला घेऊन गेला. ब्रॉन्टोसॉरसचा होलोटाइप त्या म्युझियममध्ये आहे. येलच्याच ओथनिएल मार्श यांनी 1879 साली हे नाव दिलं. त्याआधी दोन वर्षं त्यांनीच अपॅटोसॉरस असं दुसरं नाव दुसऱ्या हाडांना दिलं होतं. 1903 मध्ये एल्मर रिग्स यांनी म्हटलं की हे दोन्ही एकाच वंशाचे, आणि नियम असा की आधीचं नाव टिकतं. झालं, ब्रॉन्टोसॉरस कागदावरून गेला. सिनेमांतून आणि पोरांच्या तोंडून मात्र गेला नाही. 2015 मध्ये तिघा संशोधकांनी नमुन्यांची पुन्हा बारकाईने तुलना केली आणि वंश वेगळाच आहे असं मांडून नाव परत आणलं. नातवाने सांगाड्याच्या मानेखाली उभं राहून विचारलं, "म्हणजे शंभर वर्षं हा इललीगल होता?" म्हटलं, तसंच समज.

पण मला गोष्ट सांगायची होती ती हाडं काढणाऱ्यांची. 1877 च्या उन्हाळ्यात मार्शना वायोमिंगमधून एक पत्र आलं. खाली सह्या हार्लो आणि एडवर्ड्स. आम्हाला मोठी हाडं सापडली आहेत, विकत घ्याल का? खरे लिहिणारे होते युनियन पॅसिफिक रेल्वेचे दोन नोकर, विल्यम कार्लिन आणि विल्यम रीड. शोधाची कुणकुण दुसऱ्याला लागू नये म्हणून त्यांनी आपली मधली नावंच आडनावं म्हणून लिहिली होती. मार्शनी धनादेश पाठवला, अर्थातच हार्लो आणि एडवर्ड्सच्या नावाने, आणि तो या दोघांना वटवता येईना. हाडं सापडली ती टेकडी म्हणजे कोमो ब्लफ. मार्श आणि त्यांचे हाडवैरी एडवर्ड कोप यांच्यातलं भांडण तिथे आणखी पेटलं. हाडवैरी हा शब्द इतका चपखल बसायची संधी पुन्हा मिळणार नाही. पुढे कार्लिन मार्शना सोडून कोपकडे गेला. म्हणजे एकाची सोंगटी दुसऱ्याने पळवली. खेळात ही सोय नाही, हे एक बरं आहे. रीडने कोमोच्या थंडीत आणि चिखलात पाठीवरून हाडं वाहिली, त्यातूनच ब्रॉन्टोसॉरस निघाला. नाव दिलं मार्शनी, कारण नाव देणारा निबंध लिहिणाऱ्याचं असतं. इतकं मात्र सांगायला हवं, की रीड शेवटी वायोमिंग विद्यापीठाच्या म्युझियमचा क्युरेटर झाला. मदतनिसाला बढती मिळाल्याचं हे माझं आवडतं उदाहरण आहे.

नातवाला हे ऐकून आपल्याकडचं विचारावंसं वाटलं. त्याला वाटत होतं, डायनोसॉर अमेरिकेत, आणि भारतात फार तर हत्ती. मग मी त्याला जबलपूरची बडा सिमला टेकडी सांगितली. 1828 साली विल्यम स्लीमन यांना तिथे मोठाले मणके सापडले. हाच ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन. 'डायनोसॉर' हा शब्द जन्माला यायला तेव्हा अजून चौदा वर्षं अवकाश होता. ती हाडं फिरत फिरत कोलकात्याला गेली आणि 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून नाव दिलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. म्हणजे कोमो ब्लफचं पत्र न्यू हेवनला पोचलं, त्याच वर्षी. पुढे त्यांतला एक मूळ मणका हरवला. कित्येक वर्षं सापडेना. 2012 मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच तो हाती लागला. दगडाचा मणका हरवतो कसा, असं नातवाने विचारलं. मी म्हटलं, "बाबू, सरकारी कपाटात डोंगर हरवतो."

आणि मग आमचा चंद्रपूर जिल्हा. डोंगरगावच्या टेकडीवर एका लांब मानेच्या डायनोसॉरचे बरेच अवशेष मिळाले. 1997 मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी ते टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणून प्रसिद्ध केले. 2003 मध्ये त्याचा वंश वेगळा ठरला आणि नाव झालं इसिसॉरस. यातलं 'इसि' म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची इंग्रजी आद्याक्षरं. संस्था कोलकात्याची, हाडं तिथेच. प्राणी आमचा, आडनाव कोलकात्याचं. तक्रार नाही, काम त्यांनी केलं.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला मी दरवर्षी विद्यार्थी घेऊन जायचो. तिथल्या शेतांत लाल मातीवर बोटाएवढ्या, मुठीएवढ्या गुळगुळीत दगडी गुठळ्या पडलेल्या असत. पोरं हौसेने खिसे भरायची. भरून झाले की मी सांगायचो, हे दगड झालेलं शेण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची विष्ठा. खिसे झटकायचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. 2005 मध्ये याच पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांमध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं 'सायन्स' नियतकालिकात आलं. तोवर समज होता की गवत बहुतेक डायनोसॉरांच्या नंतरचं. आमच्या शेणाने तो समज मोडला. हे वाचलं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले आणि कशाबद्दल ते पेढे खाऊन झाल्यावरच सांगितलं.

बाहेरचे अभ्यासक आले की वाट दाखवायला, गावच्या पाटलांशी बोलायला, बैलगाडी ठरवायला मी असायचो. पोत्यात भुसा भरून नमुने बांधायलाही. एका गटाच्या निबंधात शेवटी आभारात माझं नाव आलं, पण आडनाव चुकीचं. हार्लो आणि एडवर्ड्ससारखं मला ते वटवता आलं नाही. कात्रण मात्र अजून ठेवलं आहे.

म्हणून हा खेळ मला जितका आवडला, तितकाच थोडा खुपलाही. त्याची बांधणी खरी आहे. जीवाश्म जमिनीत फुकट पडलेले असतात, टंचाई असते ती माणसांची, वेळेची आणि बसायच्या जागेची. शास्त्रात नेमकं हेच घडतं, आणि पटावर ते दोन तासांत हाताला लागतं. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात ते कुणाला लागलं असेल असं वाटत नाही. पण मी खेळलो तेवढ्या डावांत हाड कधी फुटलं नाही, पाऊस आला नाही, शेतमालक हाकलायला आला नाही. आणि दगडातून हाड मोकळं करायला महिने जातात, तेही सुईसारख्या हत्याराने, मान मोडेपर्यंत वाकून. ते इथे एका चालीत होऊन जातं. करमणूक आहे, चालायचंच.

तिसऱ्या डावापर्यंत मी सुधारलो. मदतनिसाला खोदायला, विद्यार्थ्याला अभ्यासाला, शास्त्रज्ञाला सगळ्यात मोक्याच्या जागी. दोन प्राणी माझ्या नावावर लागले. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही चक्क जिंकाल आज."

शेवटच्या काही चाली उरल्या होत्या. मी मदतनिसाची सोंगटी उचलली आणि संशोधनाच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"आजोबा," नातू कुजबुजला, "तो तिथे फार काही आणणार नाही. खोदायला पाठवा ना."

"ठाऊक आहे रे," मी म्हटलं. "बसू दे त्याला थोडा वेळ."

दोन गुणांनी हरलो.