मनी प्लँटचं पेर
मनी प्लँट चोरून आणला तरच लाभतो म्हणतात. चोरायचाच तर पेरासकट चोरा! देठाच्या बुडाशी पेरावर तपकिरी, बोथट टोक दिसतं, ती हवाई मुळी. ते पेर पाण्यात बुडालं की दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं सुटतात. नुसतं पान बाटलीत महिनोन्महिने हिरवं राहील, पण त्याचा वेल होणार नाही.

हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचा. मोठ्या झाडावर चढला की पानं हातभर होतात. आपल्या खिडकीत लोंबताना तळहाताएवढीच. पानांवरचे पिवळे पट्टे पुसटले तर उजेड कमी पडतोय. माती बोटभर सुकल्यावरच पाणी घाला, फाजील लाडाने मुळं कुजतात. घरात मांजर असेल तर कुंडी उंच टांगा. पान चावलं की तोंडाची आग होते.