परदेशी वापरावयाच्या सरकारी दाखल्यांचे प्रमाणीकरण

अलीकडे शेतकरी कुटुंबांतील तरुण उच्च शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा शेतीविषयक प्रशिक्षणासाठी परदेशी जाऊ लागले आहेत. पासपोर्ट आणि प्रवेशपत्र हाती आले की तयारी पुरी झाली, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु त्यानंतर जन्माचा दाखला, पदवीपत्र, विवाहाचा दाखला ही कागदपत्रे प्रमाणित करून आणावीत, अशी सूचना येते आणि घरात धावपळ सुरू होते. तीत पैसा व वेळ दोन्ही खर्ची पडतात. कित्येकदा तर ज्या दोषामुळे काम अडते, तो दिल्लीत किंवा मुंबईत नसून गावच्याच जन्मनोंदवहीत दडलेला असतो.

हे प्रमाणीकरण कशासाठी लागते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ग्रामपंचायतीने दिलेल्या जन्माच्या दाखल्यावर तेथील निबंधकाची सही व शिक्का असतो. तालुक्याच्या कचेरीत ती सही ओळखीची असते. निदान विचारपूस करून खात्री करता येते. समजा, निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलास नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे राहावयास गेल्यावर नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवावे लागते आणि त्या वेळी जन्माचा दाखला मागितला जातो. तेथील अधिकाऱ्याने निफाडच्या निबंधकाची सही खरी की खोटी, हे कसे ठरवावे? म्हणून सहीची साखळी जोडली जाते. निबंधकाची सही राज्यशासनाचा नेमलेला अधिकारी ओळखतो व तसे लिहून देतो. राज्याच्या अधिकाऱ्याची सही केंद्र शासनाचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते. पूर्वी ह्यापुढे त्या त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागे, आणि ही अखेरची पायरी बहुधा सर्वांत महाग व वेळखाऊ असे.

ही शेवटची पायरी टाळण्यासाठी हेग येथे 5 ऑक्टोबर 1961 रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत ह्या करारात 2004 साली सामील झाला आणि 14 जुलै 2005 पासून तो भारतास लागू झाला. करारातील देश एकमेकांच्या सरकारी कागदपत्रांवर एकच प्रमाणपत्र पुरेसे मानतात. त्यास 'अपोस्टिल' म्हणतात. हे प्रमाणपत्र चौकोनी असून त्याची बाजू किमान 9 सेंटिमीटर असावी, असा दंडक आहे. त्यावर अनुक्रमांकासह दहा बाबी असतात. दाखला कोणत्या देशाचा, सही कोणाची, त्याचा हुद्दा कोणता, शिक्का कोणाचा, प्रमाणपत्र कोठे, केव्हा व कोणी दिले, त्याचा क्रमांक काय, इत्यादी. क्रमांकाची नोंद देणाऱ्या कचेरीत ठेवलेली असते. त्यामुळे परदेशातील अधिकारी ती पडताळून पाहू शकतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. अपोस्टिल सही, हुद्दा आणि शिक्का खरा असल्याचे सांगते. दाखल्यातील मजकूर खरा असल्याचे सांगत नाही. जन्मतारीख चुकीची असेल तर ती चुकीची तारीख सर्व शिक्क्यांनिशी परदेशी पोहोचते. अनेकांस वाटते की, मोठ्या कचेरीत गेल्यावर लहान चुका आपोआप दुरुस्त होतात. तसे होत नाही. वरच्या कचेरीस खालच्या नोंदीत काना-मात्रेचाही फेरफार करता येत नाही.

ग्रामीण भागात आढळणाऱ्या चुका ठराविक प्रकारच्या असतात. बाळाचे नाव ठेवण्यापूर्वीच जन्माची वर्दी दिली जाते आणि नावाचा रकाना कायमचा कोरा राहतो. कोठे घरातील लाडके नाव, 'बाळू' किंवा 'सोन्या', नोंदवहीत जाते आणि शाळेत 'दत्तात्रय' असते. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे असते. अशा वेळी विवाहाचा दाखला जोडला तरच दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे दाखविता येते. पूर्वीच्या पिढीत तर शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून 1 जून ही तारीख लिहीत असत. त्यामुळे आज मुलाकडे परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आई-वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि गावच्या जुन्या नोंदीत दुसरीच तारीख निघते. इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा निराळीच. 'दत्तात्रय'च्या शेवटी एके ठिकाणी 'वाय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'वायए' एवढ्यावरून परक्या देशातील कारकून दोन भिन्न माणसे मानू शकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

ह्या चुकांची दुरुस्ती उगमापाशीच करावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 प्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार निबंधकास आहे. मूळ नोंद खोडली जात नाही; समासात दुरुस्ती लिहून, तारीख घालून निबंधक सही करतो. त्यासाठी पुरावे द्यावे लागतात, म्हणून अर्जासोबत रुग्णालयाचे कागद, शाळेची नोंद, आई-वडिलांची ओळखपत्रे जोडावीत. जन्माची नोंद मुळीच झालेली नसेल आणि एक वर्ष उलटून गेले असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 2023 साली झालेल्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. शाळेच्या नोंदीतील चूक मात्र विद्यार्थी शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. एकदा शाळा सोडली की ते काम फार जिकिरीचे होते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केल्यास पुढील व्यवहारासाठी नवे नाव धरता येते. पण त्यायोगे जन्माच्या वेळची नोंद आपोआप बदलत नाही, हे अनेकांस उशिरा कळते.

नोंदी जुळल्या म्हणजे पुढचा मार्ग सरळ आहे. जन्म व विवाहाचे दाखले राज्यशासनाच्या नेमलेल्या विभागाकडून प्रमाणित करून घ्यावयाचे असतात. पदवीपत्राच्या बाबतीत त्याआधी विद्यापीठाकडून पडताळणी होते. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या पदवीधराने ह्यासाठी पुरेसा अवधी हाताशी ठेवावा. परदेशी सत्र सुरू होण्याच्या पंधरवड्यापूर्वी अर्ज करून भागत नाही. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. मंत्रालय ही कागदपत्रे नागरिकांकडून थेट स्वीकारीत नाही. त्याने नेमलेल्या सेवासंस्थांमार्फत घेते. हे काम आता केवळ दिल्लीत नव्हे, तर मुंबईसह अन्य शहरांतही होते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क दर कागदास 50 रुपये असून त्यावर सेवासंस्थेचा थोडा आकार पडतो. ह्याच्या कित्येक पट रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाकडून निदान हिशोब तरी मागून घ्यावा. काही संस्थांचे दाखले 'ई-सनद' ह्या सरकारी संगणकीय व्यवस्थेतूनही प्रमाणित होतात. आपली संस्था तीत सामील आहे किंवा नाही, हे आधी पाहावे.

सर्वच देश हेग करारात नाहीत. संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत येथे जावयाचे असल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचे प्रमाणीकरण घ्यावे लागते. उलट सौदी अरेबियात 2022 पासून आणि कॅनडात जानेवारी 2024 पासून हा करार लागू झाला आहे; तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा अनुभव आज उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय करारातील एखादा देश दुसऱ्याच्या सहभागास हरकत घेऊ शकतो. भारताच्या बाबतीत जर्मनीने अशी हरकत नोंदविली होती. म्हणून यादीत नाव आहे एवढ्यावर न थांबता त्या देशाच्या वकिलातीची चालू सूचना वाचावी.

द्राक्षे, आंबा, डाळिंब निर्यात करणाऱ्या बागायतदारांनी ह्या प्रकरणाशी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची गल्लत करू नये. त्या प्रमाणपत्रामागे 1951 चा वनस्पति संरक्षणाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार आहे. ते मालाची तपासणी करून पीकसंरक्षण अधिकारी देतो आणि त्याची वाट निराळी आहे.

भाषांतराविषयीही गोंधळ आढळतो. जुने जन्मदाखले आणि पुष्कळदा सात-बाराचे उतारे केवळ मराठीत असतात. नेदरलँड्समध्ये डच, इंग्रजी, फ्रेंच व जर्मन ह्या भाषांतील कागद चालतात. मराठी कागदास भाषांतर जोडावे लागते. भाषांतर कोणी करावे, ह्याबद्दल प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो, तो आधी विचारावा. ग्रामपंचायतीतून आज मराठी-इंग्रजी असा दुभाषी दाखला मिळू शकत असेल, तर जुन्या कागदाचे भाषांतर करीत बसण्यापेक्षा नवी प्रत काढणे सोयीचे. मात्र तीतील इंग्रजी नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे तेथेच, निबंधकासमोर, अक्षर न् अक्षर वाचून पाहावे.

पावसापाण्यात खराब होऊ नये म्हणून घरोघरी दाखल्यांना प्लॅस्टिकचे आवरण घालून घेतात. प्रमाणीकरणाचे शिक्के व चिकटपट्ट्या मूळ कागदावरच, बहुधा पाठीमागे लावावयाच्या असल्याने असा कागद परत पाठविला जातो. ज्यांनी आवरण घातले असेल त्यांनी ते घरी सोलून काढण्याचा प्रयत्न करू नये, कागद फाटतो. दुसरी प्रत मागवावी. मूळ कागद सेवासंस्थेकडे देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून ठेवावी आणि पोचपावती जपावी.