टॅबलेटमधील नोंदींचे जतन : संगणकाशी जोडणी कशी करावी?

गावपातळीवर काम करणाऱ्या सेवकाच्या पिशवीत पूर्वी नोंदवही, पेन्सिल व मोजणीची फीत एवढेच साहित्य असे. आता त्यात अँड्रॉइड टॅबलेटची भर पडली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणीस प्रारंभ झाल्यापासून शेतकरी बंधूंनाही पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करण्याची सवय झाली आहे. साधन उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु नोंदवही भिजली तरी ती वाळविता येते. टॅबलेट दगडावर आपटून निकामी झाला आणि त्यातील नोंदींची दुसरी प्रत नसली, तर सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

समजा, मार्च महिन्यात गारपीट झाली. सेवकाने दोन दिवस शेतोशेत हिंडून आडवा झालेला गहू व फुटलेले द्राक्षघड यांची छायाचित्रे घेतली. गावात इंटरनेट मंद असल्याने ती पाठविण्याचे काम त्याने पुढे ढकलले. तिसऱ्या दिवशी टॅबलेट मोटारसायकलवरून पडला व त्याचा पडदा फुटला. आता संगणकाला तार जोडली तरी उपयोग नाही. कारण छायाचित्रे उतरवून घेण्याची परवानगी टॅबलेटच्या पडद्यावरच द्यावी लागते. दरम्यान शेतकऱ्याने गहू मोडून रान नांगरले असेल, तर ते छायाचित्र पुन्हा घेणेही शक्य नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय. यास्तव टॅबलेट धडधाकट आहे तोवरच त्याची संगणकाशी जोडणी करून पाहावी. ही जोडणी कशी करावयाची, ते पुढे दिले आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

टॅबलेट व संगणक ही दोन निरनिराळी यंत्रे होत. त्यांचे बोलणे एकमेकांस समजावे म्हणून संगणकात एक लहानशी आज्ञावली असावी लागते. तिला ड्रायव्हर असे म्हणतात. परमुलखातील व्यापाऱ्याशी व्यवहार करताना दुभाष्या लागतो, तसेच हे आहे. यूएसबी जोडणीची पद्धत १९९६ साली प्रचारात आली. तीत प्रत्येक उपकरणास उत्पादकाचा एक व उपकरणाचा एक, असे दोन क्रमांक दिलेले असतात. तार जोडताच संगणक ते क्रमांक वाचतो व त्यांस अनुरूप असा ड्रायव्हर आपल्या संग्रहात शोधतो. तो सापडला नाही, तर उपकरण जोडलेले असूनही त्यातील नोंदी दिसत नाहीत.

प्रथम तार तपासावी

टॅबलेट दिसत नाही म्हणून लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नये. साध्या यूएसबी तारेत चार वाहक असतात. दोन विजेसाठी व दोन माहितीसाठी. काही स्वस्त तारांत माहितीचे वाहक घातलेलेच नसतात. अशा तारेने टॅबलेट चार्ज होतो, पण एकही छायाचित्र संगणकात येत नाही. म्हणून टॅबलेटबरोबर आलेली मूळ तार वापरावी. ती संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी खाचेतही लावून पाहावी. खाचेत धूळ साचली असल्यास ती स्वच्छ करावी.

टॅबलेटवर परवानगी द्यावी

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून तार जोडल्यावर टॅबलेट प्रथम केवळ चार्ज होतो. ही सोय नोंदींच्या सुरक्षिततेसाठी आहे. टॅबलेटचे कुलूप उघडावे, पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे, यूएसबीविषयीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. संगणकावर 'धिस पीसी' उघडल्यास तेथे टॅबलेटचे नाव दिसू लागते.

ड्रायव्हर बसविण्याची कृती

विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींत नोंदी उतरविण्यासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर मुळातच असतो. मात्र कधीकधी तो आपोआप लागू होत नाही. अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे :

१. 'स्टार्ट' चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे.

२. यादीत पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असलेले नाव शोधावे. दुभाष्या न मिळालेल्या उपकरणाची ती खूण होय.

३. त्या नावावर उजवी कळ दाबून 'अपडेट ड्रायव्हर' निवडावे व नंतर आपल्याच संगणकात ड्रायव्हर शोधण्याचा दुसरा पर्याय घ्यावा.

४. संगणकात असलेल्या ड्रायव्हरांच्या यादीतून निवडण्याचा पर्याय घेऊन 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस' हे नाव निवडावे.

५. तरीही यश न आल्यास टॅबलेटच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याच प्रतिकृतीचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. तो झिप स्वरूपात असल्यास प्रथम उलगडावा. मग तिसऱ्या पायरीवर येऊन तो ज्या फोल्डरमध्ये आहे ते दाखवावे.

६. शेवटी तार काढून संगणक पुन्हा सुरू करावा व तार पुन्हा जोडावी.

कोणत्याही अपरिचित संकेतस्थळावरील 'सर्व टॅबलेटांसाठी एकच ड्रायव्हर' अशा जाहिरातीस भुलू नये. अनोळखी दुकानातील बियाणे आपण पिशवीवरील खूणचिठ्ठी पाहिल्यावाचून घेत नाही. तीच दक्षता येथेही बाळगावी.

नक्कल कशी घ्यावी?

टॅबलेटच्या अंतर्गत साठ्यात 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर असतो व त्यात 'कॅमेरा' असतो. छायाचित्रे बहुधा तेथेच सापडतात. संगणकात गाव व दिनांक यांच्या नावाने नवा फोल्डर करून त्यात त्यांची नक्कल घ्यावी. 'कट' न करता 'कॉपी' करावे. कारण मध्येच वीज गेली किंवा तार निघाली, तरी मूळ चित्र टॅबलेटमध्ये सुरक्षित राहते. दोन्हीकडील चित्रांची संख्या जुळते की नाही ते पाहावे व चारदोन चित्रे उघडून तपासावीत. खात्री झाल्यावाचून टॅबलेटमधील काहीही पुसू नये.

चित्रे व्हॉट्सॲपवरून पाठविली म्हणजे ती जपली गेली, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. अशा ॲपवरून साध्या छायाचित्राच्या रूपाने पाठविल्यास चित्राचा आकार घटतो आणि त्याच्या आत नोंदलेला दिनांक व ठिकाण हा तपशील गळून पडतो. नुकसानीच्या छायाचित्रात तोच तपशील मोलाचा असतो. तारेने घेतलेल्या नकलेत तो कायम राहतो.

आणखी दोन गोष्टी

पहिली ही, की बसस्थानकावरील अथवा अपरिचित दुकानातील संगणकाला टॅबलेट जोडू नये; जोडणे भागच पडले, तर फाइल ट्रान्सफरची परवानगी देऊ नये. टॅबलेटमध्ये शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक व बँकेचा तपशील असू शकतो आणि तो आपणाकडे विश्वासाने दिलेला असतो. दुसरी ही, की 'यूएसबी डीबगिंग' हा पर्याय आज्ञावली तयार करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. केवळ छायाचित्रे उतरविण्यासाठी त्याची गरज नाही. तो कोणी सुरू केला असल्यास काम संपताच बंद करावा.

जोडणी एकदा नीट झाली, म्हणजे पुढील प्रत्येक खेपेस फारसा वेळ लागत नाही. आठवड्यातील एक दिवस, उदाहरणार्थ बाजाराचा, या कामासाठी ठरवून घ्यावा. गारपीट, पूर किंवा अवकाळी पाऊस झाला असेल, तर मात्र त्या दिवसाची वाट न पाहता त्याच सायंकाळी नक्कल घ्यावी. ज्यांना ही कृती येते, अशा तरुणांनी ती शेजाऱ्यांस शिकवावी. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाची नोंद एका काचेच्या भरवशावर राहू नये, याची काळजी घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.