लासलगावकरांनो, छोट्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पडलंय?

लगेच इंजिन खोलायला देऊ नका. आधी नीट मोजा: टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा फुल.

आपल्याकडे पेट्रोल खातं ते जवळचं फिरणं. बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकायचं आणि इंजिन तापायच्या आत घर गाठायचं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतंच. पण थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर ते लांबच्या रस्त्यावरही पुरेसं तापत नाही. हा दोष सहज नजरेतून सुटतो, म्हणून मुद्दाम तपासून घ्या.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचाही वाटा आहे. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे, जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. म्हणजे १८ चं १७ व्हावं. थेट १३ वर आलं, तर टायरमधली हवा आणि ब्रेक बघा. निफाडला जाऊन आलात की प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं वाटलं, तर तिथला ब्रेक चिकटतोय.